उजव्या रकान्यातली माणसं

इंग्रजी भाषा साहेबानं जन्माला घातली हे मला मान्य आहे. पण ती आजवर जगली ती केवळ माझ्या साडूच्या पुण्याईवर, असं माझ्या सासुरवाडीचं ठाम मत आहे. या मताविरुद्ध बोलणारा त्या घरात मी एकटाच, आणि मी एम.ए. बी.एड. आहे. सावली गावातल्या एका हायस्कुलात गेली सव्वीस वर्षं मी इंग्रजी शिकवतो. टेन्स माझे, व्हॉइस माझा, डायरेक्ट-इनडायरेक्ट माझं. आणि घरात इंग्रजी कोणाला येतं म्हणून विचारलं, तर सासूबाई बोट दाखवतात धाकट्या जावयाकडं. त्याला दहावीत इंग्रजीत पस्तीस मार्क होते. तेसुद्धा, तो स्वतःच सांगतो, पेपर तपासणाऱ्याच्या घरी त्या दिवशी काहीतरी शुभकार्य असावं म्हणून. हे लिहिताना माझा जळफळाट होतो आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्यावर आधी माया असावी म्हणतात. ती मी शेवटी शेवटी जमवून पाहीन.

तो यायच्या आधी त्या घरात माझा काय थाट होता! सासुरवाडी सावलीपासून सहा किलोमीटरवर, वैनगंगेच्या बाजूला, धानाचं गाव. फवारणीच्या बाटलीवरचा कागद असो, सासऱ्यांच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट असो की तहसिलातून आलेला लिफाफा, सगळं आधी माझ्यापुढं यायचं. मी चष्मा लावायचो, खिशातलं लाल पेन काढायचो, शब्दांखाली रेघा ओढायचो आणि सगळं घर गुपचूप बसून राहायचं. लाल पेन माझ्या खिशात कायम असतं. लग्नपत्रिका हातात आली तरी मी आधी चुका काढतो, मग तारीख बघतो. बारा वर्षांपूर्वी धाकट्या मेहुणीचं लग्न झालं. मांडवात मी नव्या जावयाचा हात हातात घेतला आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्याशी एक इंग्रजी वाक्य बोललो. तो नुसता हसला. त्याला ओ की ठो समजलं नव्हतं, आणि खरं सांगतो, त्या दिवशीची बुंदी मला फार गोड लागली.

हा माणूस ताडोब्याच्या एका गेटवर गाइड आहे. पर्यटकांना जिप्सीत बसवून जंगल दाखवायचं. वाघ दिसला तर आपण दाखवला, नाही दिसला तर त्याची मर्जी. दिसायला काडीपैलवान. खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण, आणि शर्टाच्या आत पोटाशी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही. वाघासाठी पाणवठ्यावर तास-तासभर गाडी उभी करावी लागते. त्या वेळात हा हळूच मागं वळतो आणि गोऱ्या पाहुण्याला कुजबुजत म्हणतो, "सर, वन सेइंग प्लीज. युवर व्हिलेज." म्हणजे, साहेब, तुमच्या गावाकडची एक म्हण द्या. आता फुकट काही घ्यायचं नाही हा त्याचा बाणा. पाहुण्यानं एक दिली की हा आपली एक देतो, अर्थासकट, आणि वर ती पाठ करून घेतो. जिप्सी गेटवर परत येईपर्यंत पाहुण्याला ती धड म्हणता आली पाहिजे, नाहीतर हा त्याला उतरू देत नाही. त्यामुळं स्कॉटलंडातल्या कुठल्याशा गावी एक म्हातारा आजही, कोणी आपल्या चुकीचा दोष दुसऱ्यावर ढकलू लागला, की "नाचता येत नाई तं आंगन वाकडं!" म्हणून गरजतो. त्याचा आवाज साडूच्या मोबाइलवर आहे. अख्ख्या गावानं तो ऐकलाय. मी दोनदा ऐकला. उच्चार चांगले आहेत, चूक काढता आली नाही.

पण त्याची खरी तऱ्हा पुढंच आहे. मिळालेली म्हण तो लगेच वापरत नाही. वहीला त्यानं दोन रकाने पाडलेत. डावीकडं म्हण, देवनागरीत. उजवीकडं, जिथं जगातले सगळे सुशिक्षित लोक अर्थ लिहितात, तिथं हा माणूस लिहितो. ज्याच्यावर ती म्हण बरोबर बसते असा माणूस सापडेपर्यंत उजवा रकाना कोरा, आणि तोवर ती म्हण तोंडातून काढायची नाही. "अरे, मीनिंग लिही, मीनिंग," असं मी त्याला एकदा चारचौघांत सुनावलं होतं. तर म्हणाला, "मीनिंग लिवलं तं विसरून जातो जी. मानूस लिवला तं नाई विसरत. तो रोज दिसते ना!" यावर घरचे हसले, आणि ते माझ्या बाजूनं हसले नाहीत.

तर अशी ती वही. 'अर्ली बर्ड', म्हणजे लवकर उठणाऱ्या पाखरालाच किडा मिळतो. समोर सासूबाई, कारण मोहफुलांच्या दिवसांत गावातल्या बाया डोळे चोळत टोपल्या शोधत असतात तेव्हा या एक झाड वेचून परत आलेल्या असतात. 'स्पिल द बीन्स', पोटातलं सगळं सांडून मोकळं होणं; तिथं त्याची स्वतःची बायको, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही. 'कूल अ‍ॅज अ ककंबर', काकडीसारखं थंड डोकं; तिथं एक वाघीण, वीस गाड्यांच्या मधून ती पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडून गेली होती. टेक्सासच्या एका शेतकऱ्यानं दिलेली 'ऑल हॅट, नो कॅटल', डोक्यावर भली मोठी टोपी आणि गोठ्यात एक जनावर नाही. तिच्यासमोरचं नाव मी लिहीत नाही, त्यांच्याकडचं एक लग्न अजून जेवायचं आहे. 'व्हेन पिग्ज फ्लाय', डुकरांना पंख फुटतील तेव्हा. तिथं माणूस नाही, गावच्या नाल्यावर होणार असलेला पूल आहे. आणि कोण्या कॉलेजच्या पोरीनं त्याला आजकालचं 'घोस्ट करणं' दिलं, म्हणजे भुतासारखं गायब होणं, फोन न उचलणं. तिथं वायरमन. आता त्या गावात लाइट गेली की सत्तरीच्या म्हाताऱ्यासुद्धा कपाळाला हात लावून म्हणतात, "वायरमननं घोस्ट केलं ना बापा!" त्या गावची पन्नास तरी पोरं माझ्या हाताखालून गेली असतील. 'गुड मॉर्निंग सर'च्या पुढचं एक वाक्य त्या गावात कोणी माझ्याकडून नेलं नाही.

एकदा मात्र तो फसला असं मला वाटलं होतं. आमचे सासरे गावच्या नाटकात तीस वर्षं राजाचं काम करतात. मंडईच्या दिवशी, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, मुकुट चढवून ते निघाले, तेव्हा यानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "ब्रेक अ लेग, बाबाजी!" वर अर्थही सांगितला, की साहेबाकडं नाटकवाल्याला असाच उलटा आशीर्वाद देतात, पाय मोडो म्हणायचं, म्हणजे काम झकास होतं. सासूबाईंनी तिथल्या तिथं मीठमोहऱ्या उतरवल्या, पण व्हायचं ते झालं. दुसऱ्या अंकात महाराज सिंहासनाच्या पायरीवरून घसरले, घोटा मुरगळला, आणि उरलेलं राज्य त्यांनी बसूनच केलं. मी म्हटलं, चला, संपलं याचं इंग्रजी. झालं उलटंच. याच्या वाणीत काहीतरी आहे अशी पंचक्रोशीत बोलवा झाली. पुढच्या वर्षी शेजारच्या गावचं नाटक मंडळ हात जोडून दाराशी उभं. "भाऊ, आमच्या नाटकाले तुमी नोका येऊ. पन आमच्याशी चढाओढ करते त्या नदीकाठच्या गावाले जरूर जा. जायाचा-येयाचा बंदोबस्त आमी करतो." मला सव्वीस वर्षांत कोणी कुठं न येण्यासाठीसुद्धा बोलावलेलं नाही.

माझीही एक संधी आली होती. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, मंगळवारी गेट बंद असतं म्हणून, तो इंग्लंडच्या एका वयस्क जोडप्याला खेडं दाखवायला सासुरवाडीला घेऊन आला. मी रजा टाकली. इस्त्रीचा शर्ट घातला. दुपारी अवकाळी आभाळ फुटलं, पत्र्यावर ताशा वाजू लागला, सगळे ओसरीवर गोळा झाले, आणि जे वाक्य मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं ते खऱ्या साहेबापुढं बोलायची घटका आली. मी घसा साफ करून म्हणालो, "मॅडम, इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज!" बाई एकदम थबकल्या. नवऱ्याकडं पाहून हसल्या, मग चष्मा काढून डोळे पुसू लागल्या आणि माझा हात धरून काहीतरी बोलल्या. मला ते समजलं होतं, तरी साडूनं सगळ्यांना उलगडून सांगितलं, "बाई म्हनून राह्यल्या, त्यायची आजी असं बोलत जाये. आता तिकडं कोनी म्हनत नाई." सासूबाई हळहळल्या, "म्हंजे मोठ्या जावयाचं इंग्रजी जुनं झालं म्हना." त्यानंतर पाहुणे जाईपर्यंत मी गोठ्यात गाय बघत होतो. गाय बरी होती.

हे सगळं मी गिळलं असतं. पण गेल्या वर्षी आमच्या श्वेताला हैदराबादच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. परदेशातल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं काम. श्वेता माझी एकुलती एक. मी चाळीस पानांच्या नोट्स काढल्या, लाल पेनानं महत्त्वाच्या जागी चौकटी केल्या. आणि पोरीनं बॅग भरली, "पंधरा दिवस मौसीकडं जातो. मौसाजीसोबत बोलायची सवय करतो." मी म्हणालो, "काऊन? घरात इंग्रजीचा मास्तर बसला आहे ना?" ती माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "बाबा, तुमच्यासमोर बोलताना मले चुकायची भीती वाटते. मौसाजीसमोर आमी दोघंही चुकतो." ती गेली. नोट्स टेबलावर राहिल्या. पंधरा दिवस मी शाळेतल्या पोरांवर उगीच खेकसत होतो.

तिची निवड झाली. ही बातमी मला शाळेत मिळाली आणि ती साडूनं दिली. "भाऊ, पेढे काढा!" तो फोनवर ओरडत होता, आणि मी खडू हातात धरून उभा. तिनं पहिला फोन त्याला लावला होता. माझा तास सुरू होता, तिला ते माहीत होतं, तिनं नंतर लगेच मलाही लावला, हे सगळं खरं. पण पोटच्या पोरीचा पहिला फोन दुसऱ्याला जाणं याला इंग्रजीत काय म्हणतात मला माहीत नाही. म्हण असेल तर ती त्याच्याच वहीत असेल, आणि उजव्या रकान्यात माझं नाव असेल, असं मला त्या दिवशी वाटलं. सहा वाजेपर्यंत मी घरी गेलो नाही.

चार दिवसांनी श्वेता हैदराबादहून परतली, आणि तो तिला स्टँडवरून मोटारसायकलवर घेऊन घरी सोडायला आला. सोबत पेढे घेऊन आला, हसला, जेवला, गेला. आणि जाताना वही दिवाणावर विसरला.

मी पाप केलं. रविवारची दुपार, बायको शेजारी गेलेली, पोरगी झोपलेली. पिशवी सोडली. इतकी वर्षं या माणसानं सगळ्या गावाला इंग्रजीत बसवलं होतं, तर मला कशात बसवलं हे मला बघायचंच होतं. काहीतरी जहरी असणार याची खात्री होती. मनाची तयारी केली, लाल पेनाचं टोपण काढलं आणि शेवटच्या पानावरून उलटं वाचत निघालो. सगळे होते. सासरे होते, सरपंच होते, गेटवरचा चहावाला होता. श्वेताच्या नावावर तर तीन होत्या. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'सुद्धा होतं आणि त्याच्यासमोर लिहिलं होतं, 'त्या बाईची आजी'. त्या पानावर मी जरा थांबलो. माझं नाव तीन ठिकाणी सापडलं, 'वॉकिंग डिक्शनरी'समोर, 'हार्ड नट'समोर, आणि ज्याचं भुंकणं मोठं पण चावणं लहान अशा अर्थाच्या एका म्हणीसमोर. तिन्ही ठिकाणी ते लिहून खोडलेलं होतं. कुठल्याच ओळीत मी नव्हतो. वाघिणीला जागा होती, पुलाला जागा होती. मग पहिलं पान आलं. पहिल्या ओळीत 'वेलकम टू द क्लब'. उजवा रकाना कोरा. हे वाक्य कुठंतरी ऐकलंय असं वाटलं, आणि मग आठवलं की ऐकलं नव्हतं, मीच बोललो होतो. मांडवात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वही न्यायला आला. दारातच म्हणाला, "वही पायली असन भाऊ तुमी."

खोटं बोलता आलं असतं. "पाहिली," मी म्हणालो. "सगळं गाव आहे त्यात. वायरमन आहे. मीच नाही. तीनदा लिहिलं अन् तीनदा खोडलं. काऊन?"

"नाई बसलं जी," तो खाली बघत म्हणाला. "लिवलं का वाटे, भाऊ एवढेच नाईत."

"आणि ते पहिलं पान?"

"ते तं तुमीच देल्लं." त्याचा चेहरा खुलला. "मांडवात मले काईच समजलं नाई, लय लाज वाटली. चार लोकं पाहून राह्यले होते ना. आठ दिवसानं एका पाहुन्याले गाडीत विचारलं. तो म्हने, आता तू बी आमच्यातला झाला, असं असते ते. भाऊ, मले इतकं बरं वाटलं! म्हन्लं, चार शब्दांत एवढं मावते तं आपन हेच जमा करू. त्याच दिवशी वही घेतली."

"मग तिथं माझं नाव का नाही?"

तो हसला. वही पिशवीत गुंडाळत म्हणाला, "लिवतो ना. तुमी आत घेतलं का लिवतो."

त्याच्या बोलण्यात कुठं टोचणी नव्हती, हेच फार लागलं. टोचणी असती तर मला उत्तर देता आलं असतं. "चहा तरी घे," मी म्हणालो. "गेटवर दुपारच्या गाडीले पोचाचं हाये," म्हणून त्यानं किक मारली. मी दारात उभा राहिलो. बारा वर्षांत मी या माणसाच्या किती चुका काढल्या ते मला तोंडपाठ होतं. त्याला 'ये, बस' असं कधी म्हणालो होतो ते आठवेना. मला लाज वाटली. ती कोणाला सांगावी हेही कळेना.

यंदा अधिक महिना आला. आमच्या सासुरवाडीला या महिन्यात जावयांना जेवायला बोलावतात. रीत अशी की थोरल्या जावयाचं पान ओसरीवर, पाट मांडून, रांगोळी काढून. त्यानं पहिला घास घेतला की मग घर जेवतं. धाकटा जावई आत चुलीजवळ पोरांमध्ये बसतो. ही रीत जुनी नाही. मागच्या एका अधिक महिन्यात, तो नवाच असताना, "त्याला आत पोरांमध्ये बरं पडेल," असं मीच म्हणालो होतो. मोठ्या जावयाचं कोण मोडणार? तेव्हापासून पोळा असो की दिवाळी, तो आतच बसतो.

यंदा मी पाटावर बसलो. पान वाढून झालं, अनारसे आले, तुपाची धार पडली, सगळे माझ्या घासाची वाट बघू लागले. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"काऊन जी, काई कमी पडलं का?" सासूबाई घाबरल्या.

"पाट कमी पडला," मी म्हणालो. "आई, अजून एक पाट टाका इथी. त्याच्याबिगर मी नाही जेवत."

मग तो बाहेर आला, ओले हात शर्टाला पुसत. सासूबाईंनी पाट टाकला, माझ्या पाटाला लागूनच. तो बसला. जेवण होईपर्यंत एक म्हण बोलला नाही, एक गोष्ट सांगितली नाही. नुसता खाली मान घालून जेवत होता आणि मी वाढणाऱ्याला त्याच्या पानाकडं खूण करत होतो. हात धुतल्यावर त्यानं शर्टात हात घातला, पिशवी काढली, वही उघडली. मग खिसे चाचपले.

"भाऊ, पेन देता का?"

माझ्याकडं एकच पेन असतं. ते मी दिलं. त्यानं पहिलं पान काढलं, वही गुडघ्यावर घेतली आणि सावकाश माझं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. सव्वीस वर्षं त्या पेनानं मी लोकांच्या चुकाच काढत आलो आहे. त्या पेनानं कोणाचं नाव लिहिलं जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं. सगळी वही निळी आहे, त्यात माझं तेवढं लाल.

मग त्यानं वही माझ्या हातात दिली. परत करण्याआधी मी ती जरा चाळून पाहिली. सासूबाईंच्या नावावर चार म्हणी आहेत, श्वेताच्या तीन, वायरमनच्यासुद्धा दोन झाल्यात. माझी एकच. पण ती पहिल्या पानावर आहे.